हवा खायला

अब्बा, गेल्या शुक्रवारी मी पुन्हा तुमच्या त्या पाण्यावर गेले होते. अल-अहसाच्या खजुरांच्या बागांमागे, जिथे साऱ्या बागांचं खारं पाणी चरांतून वाहत जातं आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये पसरून त्याचं तळं होतं, तिथे. तुमच्या वेळी धड वाट नव्हती. पिकअप वाळूत रुतायची आणि तुम्ही चाकांखाली झावळ्या घालायचात. आता डांबरी रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, कॉफीची गाडी आहे, आणि काठावर ओळीनं भाड्याच्या होड्या मांडून ठेवलेल्या आहेत, पिवळ्या आणि लाल, प्लास्टिकच्या. माणसं मुलाबाळांना घेऊन तिथे मजेसाठी येतात. हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. मजेसाठी. त्याच पाण्यावर.

मी सध्या रियाधला मुलाकडे असते. तुम्ही त्याला पाहिलं नाही. ओलाया भागातल्या एका काचेच्या इमारतीत तो कॉम्प्युटरचं काम करतो आणि जवळच राहतो, इतक्या उंचावर की खालच्या गाड्यांचा आवाजसुद्धा येत नाही. घराच्या खिडक्या उघडत नाहीत. बिघडल्या आहेत म्हणून नव्हे, त्या तशाच बनवलेल्या आहेत. अम्माची छाती आता माझ्यात उतरली आहे, अब्बा. जिना चढताना, कधी नुसतं बोलतानाही, श्वास मध्येच अडतो. इथल्या दवाखान्यात सोलापूरकडच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, मराठी ऐकलं की खुलतात. त्यांनी तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि म्हणाल्या, "काकी, पण नुसतं घरात बसू नका हां. जरा मोकळी हवा खात जा." मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हवा! हवा खात जा!" बाहेर बसलेला मुलगा दचकून आत आला. त्याला काय सांगणार? आपल्या घरात हे दोन शब्द एकत्र कोणी उच्चारत नाही हे त्याला माहीत नाही. कोणी उच्चारतच नाही, म्हणूनच माहीत नाही.

होडीची सुरुवात माझ्यामुळे झाली असं तुम्ही चेष्टेनं म्हणायचात. कॉलेज संपवून मी तुमच्याकडे हफूफला, त्या बागांच्या शहरात, आले होते, लग्न ठरेपर्यंत. त्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्ही बांगडे साफ करत आहात, कारण शुक्रवारची मासळी दुसऱ्या कोणाच्या हातची तुम्हाला चालत नाही. अम्मा वाटण वाटते आहे, आणि मी ओट्याला टेकून आमच्या बोर्डिंगच्या गोष्टी सांगते आहे. आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर इंग्लंडच्या ज्या भागातून आल्या होत्या तिथली जमीन म्हणे समुद्राच्याही खाली. सगळी दलदल. कित्येक शतकांपूर्वी लोकांनी रेघेसारखे सरळ चर खणून ते पाणी काढून दिलं आणि तिथे शेती उभी केली. आणि त्याच जुन्या चरांमधून सुटीच्या दिवशी लोक होड्या घेऊन फिरतात. बरोबर चहाची किटली, गुडघ्यावर घोंगडी. हे सांगताना सिस्टर आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायच्या. तिकडे आमचं कपडे वाळत घालायचं अंगण होतं, दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे गटारात सहलीला जातात?" तुम्ही विचारलंत.

"गटार नाही अब्बा. ड्रेन."

"मग ड्रेनला मराठीत काय म्हणतात, सांग. सिस्टरनी शिकवलं नाय वाटतं."

अम्मा वाटता वाटता म्हणाली, "आपल्याकडे उघाडीजवळच्या चरात म्हशी बसतात. त्यांच्याकडे साहेब लोक बसत असतील."

तुम्ही इतके हसलात की हातातला बांगडा मोरीत पडला. पण ती गोष्ट तुमच्या डोक्यात राहिली, कारण तुमचं कामच ते होतं. आपल्या खाडीकाठच्या गावात समुद्राला अडवायला बांध आणि बांधात उघाडी, लाकडी झडप असलेलं दार. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. भरतीला बंद करायचं, नाहीतर खारं पाणी आत येऊन भात जळायचं. तुमचे वडील ते दार सांभाळायचे. इथे आल्यावर कंत्राटदारानं तुम्हाला चरांवर सुपरवायझर केलं, ते या एका माहितीवर. बागांना पाणी पाजणारे उंच काँक्रीटचे पाट सगळ्यांना दिसायचे, लोक त्यांच्यासमोर फोटो काढायचे. तुमचं पाणी खालचं होतं. खजुरांच्या मुळांतून मीठ घेऊन झिरपलेलं, तपकिरी, बोरूच्या उंच गवताच्या बेटांमधून जाणारं. त्यातला मोठा चर फार जुना, तुर्कांच्या काळापासूनचा असं बागवाले सांगायचे. त्यातला गाळ आणि बोरू काढत राहायचं, पाणी पुढे जात राहिलं पाहिजे, एवढंच काम. ते तुंबलं तर मीठ वर येतं आणि झाडं मरतात.

मग पाणी उपसायचे पंप ज्या खोक्यांतून यायचे त्यांच्या फळ्या तुम्ही जमवू लागलात. होडी सपाट तळाची झाली, डांबर फासलेली, आणि एका बाजूला "हे वर ठेवा" असा बाण इंग्रजीत उलटा छापलेला. वल्ह्याऐवजी परांचीचा लांब पाइप. अम्मासाठी जुन्या खुर्चीचे पाय कापून बैठक. कागदोपत्री ती होडी बोरू तपासायला होती. जुम्म्याच्या नमाजानंतर ती आपली व्हायची. बोरू माणसाहून उंच, दोन्ही बाजूंना भिंत. थोडं आत गेलं की अम्मा तोंडावरचा पडदा मागे टाकायची आणि डोळे मिटून बसायची. पाणकोंबड्या पळायच्या. एकदा काठावरच्या म्हाताऱ्या बागवाल्यानं खजुरांचा घोस होडीत टाकला आणि प्रेमानं म्हणाला, "खलास!" अम्मा मला हळूच म्हणाली, "बघ गो, हातात एवढे दिले आणि म्हणतो संपले." खलास हे त्या खजुरांच्या जातीचंच नाव आहे हे तुम्ही तिला समजावून सांगितलंत. तिनं ते कधी मान्य केलं नाही. खाताना दर वेळी म्हणायची, आणा ते संपलेले.

आपल्या घरात दमा हा शब्द नव्हता. "आज हवा कमी पडते," असं अम्मा म्हणायची, पीठ कमी पडतंय म्हणावं तसं. आणि तुम्ही पीठ आणून द्यावं तसे उठायचात. "चल गो, हवा खायला जाऊ." तिला पाण्यावर बरं वाटायचं. का ते मला माहीत नाही. पण "तुला बरं वाटावं म्हणून" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, हे मी आता आठवून बघते.

मग नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये कुवेतवर स्वारी झाली आणि तिकडून गाड्या येऊ लागल्या. टपांवर गाद्या, पंखे, पाळणे बांधलेले. माणसं बागांच्या कडेला सावलीत गाडी लावून तशीच बसून राहायची, कुठे जायचं ते ठरलं नसल्यासारखी. पाठोपाठ लष्करी ट्रक. तुम्ही कफीलकडे, ज्याच्या नावावर आपला व्हिसा होता त्या मालकाकडे, पासपोर्ट मागायला गेलात. निदान बायकांना घरी पाठवतो म्हणालात. बघू, म्हणाला. थंडी पडता पडता तो स्वतःच्या माणसांना घेऊन जेद्दाला निघून गेला आणि आपले पासपोर्ट त्याच्या कपाटात राहिले. जानेवारीत लढाई सुरू झाली. भोंगे वाजायचे, आणि दूर दम्मामच्या बाजूला आभाळ गुरगुरायचं.

सगळ्यांना भीती बॉम्बची नव्हती, हवेची होती. विषारी वायू येणार म्हणत होते. एक खोली निवडा, खिडक्यांवर प्लास्टिक लावा, फटी चिकटपट्टीनं बंद करा, उंबऱ्याशी ओला टॉवेल ठेवा. मुखवटे आपल्यासारख्यांना मिळाले नाहीत. तुम्ही ती खोली अशी बंद केलीत जशी होडी केली होती, एक फट न ठेवता, एसीच्या भोकासकट. अम्मा पलंगावर बसून बघत होती.

"आता हवा आत येणार नाय," तुम्ही म्हणालात.

"विषारी नको म्हणून चांगलीही बंद," ती म्हणाली. "मी काय खाऊ मग? चिकटपट्टी?"

ती चेष्टा करत होती तोवर ठीक होतं. मग तिनं चेष्टा करणं सोडलं. भोंगा कधी वाजेल याचा नेम नाही म्हणून पट्ट्या दिवसाही काढायच्या नाहीत. फोडणीचा धूर आतच, आपल्या श्वासांची ओल आतच. बाजारात तिचा पंप मिळेनासा झाला. तिचा श्वास घरभर ऐकू यायचा, करवत चालल्यासारखा. तुम्ही खोलीत फेऱ्या मारायचात आणि तिच्या ओठांकडे बघायचात, निळे पडतायत का ते. मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं की वायू येवो न येवो, ही खोली तिला मारणार आहे. तुम्हालाही दिसत होतं. आपण दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी नमाजाहून आल्यावर तुम्ही दारावरची पट्टी फर्रकन ओढलीत. "चल गो, हवा खायला जाऊ."

"लढाईत?" अम्मा म्हणाली.

"लढाई वर हाय. आपण खाली चरात."

ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. मी ऑम्लेट आणि खुब्जची रोटी बांधून घेतली, थर्मासात चहा. तुम्ही तिला धरून होडीत बसवलंत आणि पाइप तळाला लावलात. बोरू आपल्यामागे मिटला. थंडीतलं कोवळं ऊन होतं, पाण्याला मिठाचा आणि कुजलेल्या पानांचा वास, अगदी आपल्या खाडीच्या कडेसारखा. अम्मानं पडदा मागे टाकला आणि श्वास घेतला. मग आणखी एक. हळूहळू ती करवत थांबली. कितीतरी वेळ आपण तिघं तिचा श्वास ऐकू येत नव्हता तेच ऐकत बसलो. मग ती बोलायला लागली. लग्न होऊन तुमच्या गावी येताना खाडी ओलांडायच्या तरीत ती कशी ओकली आणि तुमच्या आत्यानं कशी नाकं मुरडली, ते सांगितलं. अर्धं ऑम्लेट खाल्लं. पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "ह्या तुमच्या चराला भरती-ओहोटी असती ना, तर ओहोटीबरोबर वाहत घरी गेलो असतो."

"पासपोर्टशिवाय?" तुम्ही म्हणालात.

"पाण्याला कोण विचारतो?"

वळणावर बोरू संपला आणि काठावर दोन सैनिक उभे होते. मागे जीप. एक प्रौढ, एक अगदी कोवळा, कमरेला मुखवट्याची पिशवी लटकलेली. कोवळ्यानं बंदूक रोखली आणि ओरडला. वाळवंटात होडी, त्यानं तरी ती कशी समजून घ्यावी? अम्मानं पडदा ओढला. तुम्ही दोन्ही हात वर केलेत, पाइप पाण्यात पडला, होडी आपोआप काठाकडे सरकत गेली. इथे काय करताय, त्यानं विचारलं. एवढं अरबी मलाही समजलं.

तुम्ही हसून म्हणालात, "कुल हवा."

अब्बा, तुमची सगळी अरबी क्रियापदं हुकुमाची होती. जा, आण, खण, उचल, खा. कारण तुमच्याशी त्या भाषेत दुसऱ्या कुठल्या रूपात कोणी बोललंच नव्हतं. खायला आलोय हे तुम्हाला म्हणता येत नव्हतं, कुल, म्हणजे खा, एवढंच येत होतं, आणि हवेला तेही हवाच म्हणतात. म्हणून तुम्ही आपल्या मराठीतली हवा अरबीत खायला घातलीत. तो म्हणाला, काय? तुम्हाला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. तुम्ही मोठ्यानं, सावकाश, बोटं तोंडाजवळ नेत पुन्हा म्हणालात, "कुल हवा! कुल हवा!"

त्याच्या थपडेनं तुमचा चष्मा पाण्यात गेला. तुम्हाला दंडाला धरून वर ओढलं. प्रौढ सैनिक होडीकडे बघून काहीतरी पुटपुटला, बहुधा बायका आहेत असं, आणि त्यानं पाण्यातला पाइप बुटानं माझ्याकडे ढकलला. जीपमध्ये चढताना तुम्ही ओरडलात, "बाय, तळाला टेकव आणि त्याच्या बाजूनं चालल्यासारखी ढकल. घाई नको." तुमचा शेवटचा शब्द अम्मासाठी नव्हता, पाइपसाठी होता. पण तो तिला घरी पोचवण्यासाठी होता हे मला तेव्हाही कळलं.

मी त्याआधी कधी होडी चालवली नव्हती. ती गोल फिरायची, बोरूत घुसायची. मागे अम्माची करवत पुन्हा सुरू झालेली, आणि दोन श्वासांच्या मध्ये ती मला म्हणत होती, "सावकाश... सावकाश गो..." बागवाल्या म्हाताऱ्यानं आम्हाला बघितलं आणि आपल्या गाडीतून घरी सोडलं. तो काही विचारत नव्हता, एकसारखा नुसता "या अल्ला, या अल्ला" म्हणत होता.

बाजारात कापडाचं दुकान असलेले आपल्या खाडीपलीकडच्या गावचे चाचा दुसऱ्या दिवशी तुमच्या चौकशीला गेले. मी अम्माला शेजारणीकडे ठेवून त्यांच्या गाडीत बाहेर बसून राहिले. ते आले ते कपाळाला हात लावूनच.

"काय बोलला गो तुझा बाप? कुल हवा?"

"हो. हवा खायला आलो म्हणून."

"अगो, ती शिवी हाय! गप बस, तोंड मिट, असा अर्थ होतो. बंदूकवाल्याला. दोनदा! वर हातवारे करून!" चाचांना हसू फुटलं, थांबेना, आणि मग त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. "आता ते म्हणतात शिवीचं सोडा. लढाईत ड्रेनमध्ये होडी घेऊन कोण फिरतो? नकाशे काढत असणार. मी म्हटलं, मजेला गेला होता. तर सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"बायको आजारी आहे, तिला श्वास लागतो म्हणून नेलं, असं सांगा ना."

"सांगितलं बाय. तर म्हणाले, त्यानं स्वतः तसं का नाय सांगितलं मग? बायको समोर बसलेली होती, बोट दाखवायचं होतं."

मरीदा. आजारी बाई. हा शब्द तुम्हाला येत होता, अब्बा. दवाखान्यात तुम्ही तो कितीदा वापरला होता. तो एक शब्द काठावर म्हणाला असतात तर त्या प्रौढ सैनिकानं कदाचित तुम्हाला जाऊ दिलं असतं. पुढे कितीतरी वर्षं मी याच एका गोष्टीवरून तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले.

अम्माला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या खिडक्यांवरही पट्ट्या. नाकाला ऑक्सिजनची नळी. चाचा रोज सांगायचे, आज सोडतील, उद्या सोडतील. ती दाराकडे तोंड करून पडायची. एकदा तिनं मला जवळ बोलावलं, नळी बाजूला केली आणि म्हणाली, "मला हवा खायला नेलं, आणि स्वतःच बसले हवा खात." आणि हसली. मीही हसले. केरळची नर्स विचारत होती काय झालं, काय झालं. तुरुंगात जाण्याला आपण काय म्हणतो आणि फिरायला जाण्याला काय म्हणतो, हे मी तिला हिंदीत समजावू बघितलं, आणि मध्येच मला रडू आलं. अम्मानं माझ्या हातावर हात ठेवला. "आल्यावर त्यांना सांग. हसतील."

मग कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि उत्तरेचा वारा तो धूर घेऊन आला. दुपारी आभाळ काळं झालं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडले, रस्त्यावरच्या गाड्या भर दुपारी दिवे लावून जाऊ लागल्या. ज्या हवेला सगळे एवढे घाबरले होते ती अशी आली, उघड, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तिला चिकटपट्टी पुरली नाही. अम्मा तशाच एका दुपारी गेली. वॉर्डातले दिवे लागलेले होते. तिनं मान दाराकडेच ठेवली होती.

तिला हफूफलाच माती दिली. बायका जात नाहीत, म्हणून मी गेले नाही. चाचा आणि त्यांच्या दुकानातली माणसं गेली. इथल्या रीतीप्रमाणे कबरीवर नाव नाही, नुसता दगड. कुठला दगड ते चाचांना माहीत होतं. चाचा आता नाहीत.

लढाई संपल्यावर तुम्हाला सोडलं. मारलं नाही, असं तुम्ही म्हणालात, पण उजव्या कानाशी बोललेलं त्यानंतर तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही दारात उभे आहात. दाढी पांढरी झालेली, चष्मा नाही म्हणून डोळे बारीक केलेले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही, आत बघता. खोलीची खिडकी उघडी आहे.

"पट्टी तिनं काढली?" तुम्ही विचारलंत.

"मी काढली."

तुम्ही उंबऱ्यावरच बसलात. त्यापुढे मला काही सांगावं लागलं नाही. तिचा तो विनोद मी तुम्हाला सांगितला नाही. सांगायला हवा होता का, कोण जाणे. ती म्हणाली होती हसतील. मला नाही वाटत तुम्ही हसला असतात.

परतीच्या विमानात मी तुम्हाला विचारलं, तुमच्या डाव्या बाजूला बसून मुद्दाम, "तुम्ही मरीदा का नाही म्हणालात?" तुम्ही म्हणालात, "ती होती ना तिथे." एवढंच. मला वाटलं तुम्हाला प्रश्न नीट ऐकू आला नाही.

गावी तुम्ही पुन्हा कधी होडीत पाय ठेवला नाही. पलीकडच्या काठावर जायला तरीची होडी होती, हाकेच्या अंतरावर, तरी तुम्ही एसटीनं वळसा घालून जायचात. हवा हा शब्द तुम्ही टाकून दिलात. वारा म्हणायचात. टायरमध्येसुद्धा वारा भरायचात, पोरं हसायची. संध्याकाळी बांधावर उघाडीजवळ बसायचात, पाणी बाहेर जाताना बघत. गेलात तेव्हाही ओहोटीच होती, खिडकी उघडी ठेवा असं तुम्ही खुणेनं सांगितलंत.

तर गेल्या शुक्रवारचं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मुलानं मनावर घेतलं होतं. मला मात्र म्हणाला, "अम्मी, मुलांना कंटाळा आलाय, जरा फिरून येऊ." कुठे ते सांगितलं नाही, आणि तीन-चार तासांच्या त्या प्रवासात मी मागे झोपून गेले. मीही त्याला तिथलं काही कधी सांगितलेलं नाही, त्याचा काय दोष? उतरल्यावर मला वासावरून कळलं. मीठ आणि कुजलेली पानं. तो होडीवाल्याशी बोलायला पुढे गेला, एक गोरटेला अरब तरुण, हसऱ्या तोंडाचा. मुलानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मरीदा."

त्या तरुणाचा चेहरा क्षणात बदलला. हसू गेलं, दया आली. तो धावत जाऊन माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला, दंडाला धरू लागला, हळू आवाजात बोलू लागला. लोक वळून बघायला लागले. अब्बा, मी एका शब्दात एवढीशी झाले. घरून निघाले तेव्हा मी नातवंडांबरोबर फिरायला निघालेली बाई होते. आता मी मरायला टेकलेलं, उन्हात काढून ठेवलेलं काहीतरी होते. आणि मुलगा प्रेमानंच बोलला होता.

ती होती ना तिथे. मला ते इतक्या वर्षांनी, त्या खुर्चीवर बसून, ऐकू आलं. तुमच्यावर बंदूक रोखलेली होती. अर्धं ऑम्लेट खाऊन, तरीत ओकल्याची गोष्ट सांगून ती नुकती कुठे पुन्हा तुमची बायको झाली होती. तिच्यासमोर, तिच्याकडे बोट दाखवून, तुम्ही तो शब्द उच्चारणार नव्हता. तुम्ही तिला फिरायला नेलं होतं, आणि ते फिरणं तुम्ही शेवटपर्यंत फिरणंच ठेवलंत. त्याची किंमत काय झाली ते आपल्याला माहीत आहे. तुमचं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण आता मी भांडत नाही.

मी उठले. होडीवाल्यानं विचारलं, "मरीदा?" मी म्हटलं, "ला. नुज्हा." नाही, सहल. एवढ्या वर्षांत हा शब्द मी शिकून ठेवला होता, कधी वापरला नव्हता. तो हसला आणि त्यानं खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मी पिवळ्या होडीत बसले. पुढे नात बसली, नारिंगी जाकिटात बुडालेली.

बोरूच्या जवळ गेल्यावर तिनं मान वळवून विचारलं, "दादी, आर यू सिक?"

"नाही ग."

"देन व्हाय आर वी हिअर?"

मी म्हटलं, "हवा खायला."

"ईट एअर?" ती खिदळायला लागली. "दादी! यू कान्ट ईट एअर!" आणि मग, खात्री करून घ्यावी तसं, तिनं तोंड भलंमोठं उघडलं आणि हवेचा एक घास घेतला. चावला. गिळला. पुन्हा तोंड उघडलं. मीही उघडलं. आम्ही दोघी काठापासून खूप आत जाईपर्यंत खात राहिलो.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुमची कबर इथून समुद्रापलीकडे, अम्माची इथे जवळच, पण कुठली ते माहीत नाही. लिहून झालं की घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवीन. फक्त एक गोष्ट आहे, मुलाला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. पंप मी त्या दिवशी विसरले नव्हते. मुद्दाम गाडीत ठेवून गेले होते. हवा कमी पडली नाही.